मांडूतील एक दिवस

इंदूरच्या एखाद्या मराठी दांपत्याने पहाटे निघावे, शंभरएक किलोमीटरवरील मांडू सावकाश पाहावे आणि रात्री घरी परतावे, हे सहज साधते. मात्र सगळ्याच वास्तू पाहण्याचा अट्टाहास सोडला पाहिजे. मुंज व कपूर या दोन तलावांमधला जहाजमहाल पावसाळ्यानंतर तरंगत असल्याचा भास होतो. वाटेत गोरखचिंचेचे आंबट फळ चाखावे. हा वृक्ष मूळचा आफ्रिकेतला. रूपमतीच्या मंडपाशी घाई नको. १५६१ मध्ये अकबराच्या सैन्यापुढून बाजबहादूर पळाला आणि मागे राहिलेल्या रूपमतीने विष घेतले, असे सांगतात. या कथेत पतीची बाजू घेणे कठीणच! दक्षिणेच्या त्या कड्यावरून, हवा निवळ असली, तर दूरवर नर्मदेची रुपेरी रेघ दिसते.