पासष्टीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी: भीती कुठे खरी, कुठे खोटी

"हिंगोली जिल्ह्यात चौदा हजार बायांना कॅन्सर निघाला, आणि आम्हाला म्हणतात पासष्टीनंतर तपासायची गरज नाही. म्हाताऱ्या बायांचं काही झालं तरी चालतं म्हणा की!" शब्द थोडेफार बदलतात, पण हे गाऱ्हाणं मी वसमतला ऐकलंय, औंढ्याला ऐकलंय, आणि सासूला दवाखान्यात घेऊन आलेल्या शिकलेल्या सुनांच्या तोंडूनही ऐकलंय. त्यात दोन चुका आहेत. दोन्हींपायी बायांची झोप उडते, आणि पुढे काय होतं ते सांगायला हवं म्हणून हे लिहिते आहे.

आधी तो आकडा. ८ मार्च २०२५ पासून हिंगोली जिल्ह्यात बायांमधला कॅन्सर शोधण्यासाठी संजीवनी अभियान सुरू झालं. आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी त्याच वर्षी जुलैत विधिमंडळात दिलेल्या माहितीनुसार २,९२,९९६ महिलांना प्रश्न विचारले गेले आणि त्यातल्या १४,५४२ जणींच्या उत्तरांत कॅन्सरसारखी लक्षणं आढळली. लक्षणं आढळली, कॅन्सर नव्हे. तपासण्यांनंतर गर्भाशयमुखाचा कॅन्सर ३ जणींना, स्तनाचा एकीला आणि तोंडाचा ८ जणींना असल्याचं निदान झालं. पण गावोगाव पोचलं ते "चौदा हजार बायांना कॅन्सर" एवढंच. अंगावरून पांढरं जातं असं सांगणाऱ्या बाईचं नाव पुढच्या तपासणीच्या यादीत जाणं हे अभियान नीट चाललंय याचं लक्षण आहे. पांढरं जाण्यामागे बहुतेक वेळा साधा जंतुसंसर्ग असतो, आणि औषधानं तो बरा होतो. जाता जाता एक सांगते: त्या बारा जणींपैकी आठ जणींचा कॅन्सर तोंडाचा होता. तरी मिश्री आणि तंबाखूची धास्ती घेऊन माझ्याकडे कुणी येत नाही.

आता दुसरी चूक, जिच्यापायी म्हाताऱ्या बायांना वाटतं की आपल्याला वाऱ्यावर सोडलंय. सरकारी कार्यक्रमात ही तपासणी ३० ते ६५ वयाच्या बायांसाठी, दर पाच वर्षांनी, असं २०१६ पासून ठरलेलं आहे. पासष्टची रेघ म्हातारीवरचा खर्च वाचवण्यासाठी ओढलेली नाही. इंग्लंडमध्ये नियमित बोलावणं ६४ पर्यंत येतं, अमेरिकेत आधीच्या तपासण्या चांगल्या असतील तर ६५ नंतर थांबतात. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते की पन्नाशीनंतर, ठरलेल्या अंतरानं केलेल्या दोन तपासण्या लागोपाठ निर्दोष आल्या की थांबलं तरी चालेल.

कारण या आजाराच्या चालीत आहे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या वर्षानुवर्षं टिकलेल्या संसर्गातून होतो. बहुतेकींच्या अंगातून हा विषाणू आपोआप निघून जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, त्यांच्यातही कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. त्यामुळे पंचावन्नाव्या आणि साठाव्या वर्षी जिची तपासणी स्वच्छ आली, तिला सत्तरीत हा कॅन्सर होण्याची शक्यता फार थोडी उरते. शून्य होते असं मी म्हणणार नाही, पण फार थोडी.

याचा पुरावा आपल्याच मराठवाड्यात आहे. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांवर टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मोठा अभ्यास केला. तो २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी करण्यासाठी निवडलेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले. ज्या गटात नेहमीचीच आरोग्यसेवा होती, तिथे ६४ झाले. शिवाय पॅप (पेशींचा नमुना घेऊन केलेली) किंवा व्हीआयए (नुसत्या नजरेनं पाहून केलेली) तपासणी स्वच्छ आलेल्या बायांमध्ये पुढे कॅन्सर निघण्याचं प्रमाण एचपीव्ही तपासणी स्वच्छ आलेल्यांच्या चौपटीहून जास्त होतं. एका चांगल्या तपासणीचा निर्वाळा किती वर्षं पुरतो, हे जगाला कळलं ते धाराशिवच्या खेड्यांतल्या बायांमुळे.

आपल्या उपकेंद्रांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत जी व्हीआयए तपासणी होते, तिचंही वय असतं. त्यात गर्भाशयाच्या तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावून मिनिटभरानं पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. पण कॅन्सर जिथे सुरू होतो ती जागा पाळी गेल्यावर हळूहळू आत सरकते आणि नुसत्या नजरेला दिसेनाशी होते. अंगही कोरडं, नाजूक झालेलं असतं, तपासताना दुखतं. म्हणून सत्तरीच्या बाईची व्हीआयए करून "सगळं ठीक आहे" म्हणणं म्हणजे तिला पोकळ धीर देणं. त्या वयात शंका असेल तर आतून नमुना घेऊन पॅप किंवा एचपीव्ही तपासणी करावी लागते.

इथवर वाचून कुणी सुटकेचा श्वास टाकला असेल तर थोडं थांबा. हे सगळं जिच्या तपासण्या आधी झाल्या आहेत तिच्यासाठी आहे. आपल्याकडे अशा किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम १.९ टक्के जणींनी ही तपासणी कधीतरी झाल्याचं सांगितलं. हा देशाचा आकडा आहे. कळमनुरी-सेनगावकडच्या तांड्यावरची आजी एकही तपासणी न होता पासष्टीला पोचते, तेव्हा तिच्यासाठी काही थांबलेलंच नसतं, कारण काही सुरूच झालेलं नसतं. तिची काळजी खोटी नाही. तिनं वय झालं म्हणून परत फिरू नये, आणि "आजी, आता या वयात कशाला" असं तिला कुणी ऐकवू नये. हे वाक्य मी ऐकलं की माझा तोल जातो. एकदाही तपासणी न झालेल्या, आधी एखादा अहवाल बिघडलेल्या, गर्भाशयमुखावर पूर्वी उपचार झालेल्या, एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या बाईला पासष्टीची रेघ लागू पडत नाही. अशा बाईनं जिल्हा रुग्णालयात किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन स्पष्ट विचारावं: माझी पॅप किंवा एचपीव्ही तपासणी करता येईल का?

आणि ज्यांची तपासणी रीतसर थांबली आहे त्यांनीही एक फरक लक्षात ठेवावा. काहीच त्रास नसताना करतात ती चाळणी. ती थांबते. त्रास असताना करतात ते निदान, आणि त्याला वयाची अट नाही. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून रक्त गेलं, थेंबभर का असेना, तर दाखवायचं. घाण वास येणारं पाणी जात असेल, संबंधानंतर रक्त येत असेल, ओटीपोटात सतत दुखत असेल, तरी दाखवायचं. "पाळी परत आली" असं समजून महिनोन्‌महिने कापडं धुत बसणाऱ्या बायांना उशीर झाल्यावर बघणं फार जड जातं. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म भरून घेतात, त्यात पाळी गेल्यावर रक्त जातं का आणि घाण वासाचं पाणी जातं का हे दोन्ही प्रश्न आहेत. फॉर्मला वरची वयोमर्यादा नाही. सासूचा फॉर्म सुनेनं "त्यांना काही नाही" म्हणून भरू देऊ नये. सासूला आत नेऊन, पुरुष माणसं नसताना, तिलाच विचारावं.

आता भीतीचं जे टोक मला सगळ्यात घातक वाटतं, त्याकडे येते. "तपासत नाहीत ना, मग गर्भाशयाची पिशवीच काढून टाकू. ना पिशवी, ना कॅन्सर." हा सल्ला शेजारीण देते, कधी नातेवाईक देतात, आणि कॅन्सरची भीती घालून तो देणारे डॉक्टरही मराठवाड्यानं पाहिले आहेत. बीडचं उदाहरण विसरण्याजोगं नाही. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये नेमलेल्या समितीसमोर जे आलं त्यानुसार ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहांत एक. देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण सुमारे तीन टक्के आहे. हिंगोलीतूनही दरवर्षी ऊसतोडीला कोयते जातात, त्यामुळे ही गोष्ट परक्या जिल्ह्याची नाही.

कॅन्सर होऊ नये म्हणून, काहीही आजार नसताना, पिशवी काढणं हा उपचार नाही. साठी-सत्तरीत मोठी शस्त्रक्रिया म्हणजे भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग असे धोके, आणि मधुमेह-रक्तदाब असेल तर त्याहून जास्त. कमी वयात पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर पाळी लगेच बंद होते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. शिवाय काही शस्त्रक्रियांत गर्भाशयाचं तोंड तसंच ठेवतात. तिथे कॅन्सरचा धोका उरतोच आणि तपासणीही करत राहावी लागते. म्हणून ज्यांची पिशवी काढलेली आहे त्यांनी जुना कागद शोधावा, तोंडासकट काढली होती का आणि कशासाठी काढली होती, हे डॉक्टरांकडून वाचून घ्यावं. तोंडासकट, साध्या कारणासाठी, काढलेली असेल तर गर्भाशयमुखाच्या तपासणीची गरज संपली.

बाकीचे समज थोडक्यात. सोनोग्राफी चांगली आली म्हणजे गर्भाशयमुख चांगलं, असं होत नाही. सुरुवातीचा बदल सोनोग्राफीत दिसत नाही. "फुल बॉडी चेकअप"मधली सीए-१२५ ही रक्ततपासणी या कॅन्सरसाठी नाही. ताटवाटीतून, कपड्यांतून हा कॅन्सर कुणाला लागत नाही. एचपीव्ही निघाला म्हणून बाईच्या किंवा नवऱ्याच्या चालीवर बोट ठेवू नका. संसार करणाऱ्या बहुतेकांना हा विषाणू कधी ना कधी होऊन गेलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. याची लस शाळकरी वयातल्या मुलींसाठी आहे, आजीला तिचा उपयोग नाही. आणि लवकर सापडलेला हा कॅन्सर बरा होतो.

हे सगळं कळूनही रात्री धडधड होत असेल, तर आपण वेड्या आहोत असं समजू नका. शेजारची कुणी या आजारानं गेलेली असते, तिचे हाल डोळ्यांसमोरून हलत नाहीत. सगळे जुने अहवाल एका पिशवीत ठेवा आणि शेवटच्या अहवालाची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. धास्ती वाटली की नवी तपासणी करायला धावण्याआधी तो कागद कुणाकडून तरी वाचून घ्या. तपासणी थांबवताना डॉक्टरांनी कारण सांगितलं नसेल तर विचारा, तो तुमचा हक्क आहे. दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर आशाताईला किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना सांगा, नाहीतर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करा. फोन दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत, आणि समोरचं माणूस मराठीत बोलतं.