घरातील भिंत आणि तिच्यावरील भार

कुटुंब वाढले, घर अपुरे वाटू लागले, की दोन खोल्यांमधील भिंत काढून एक प्रशस्त खोली करावी असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. गवंड्यास बोलावून एक-दोन दिवसांत भिंत पाडताही येते. परंतु भिंतीचे काम केवळ आडोसा करण्याचे असते, ही समजूत बरोबर नाही. काही भिंती आडोशापुरत्याच असतात; काही मात्र छताचा भार पेलून तो पायापर्यंत पोहोचवितात. या दुसऱ्या प्रकारच्या भिंतींस भारवाही भिंती म्हणतात.

हा भार किती असतो? एक साधे उदाहरण घेऊ. १२ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलोग्रॅम भरते. फरशी व गिलावा यांचे १०० आणि माणसे व सामान यांसाठी धरावयाचे २०० किलोग्रॅम त्यात मिळविले, म्हणजे एकूण ६०० किलोग्रॅम होतात. भिंतीच्या दोन्ही बाजूंस ३ मीटर रुंदीच्या खोल्या असून त्यांचे स्लॅब तिच्यावर टेकलेले असतील, तर प्रत्येक खोलीचा अर्धा भार तिच्यावर येतो. म्हणजे भिंतीच्या दर मीटर लांबीवर १,८०० किलोग्रॅम. अशी ३ मीटर लांबीची भिंत काढली, की ५,४०० किलोग्रॅम भाराचा आधार जातो. वर आणखी मजला असेल, तर त्याच्या भिंतीचे व छताचे वजन वेगळेच.

आधार गेला तरी भार नाहीसा होत नाही. भिंतीच्या जागी तुळई बसविली, तर तो तुळईच्या दोन टोकांशी एकवटतो. पूर्वी ३ मीटर लांबीवर पसरलेले वजन आता वीतभर विटांवर येते. त्या विटा चिरडणार नाहीत, पाया खचणार नाही, तुळई वाकणार नाही, हे पाहावे लागते. तुळई बसेपर्यंत छतास धिरे कोठे व किती द्यावेत, हेही आधीच ठरवावे लागते.

भिंत पाडल्यावर काही झाले नाही, एवढ्यावरून काम योग्य झाले असे मानता येत नाही. पोकळीच्या वरच्या विटा काही अंशी कमानीप्रमाणे परस्परांस सावरून धरतात. त्यामुळे धोका काही काळ झाकलेला राहतो. भूकंपात तो उघड होतो. कारण तेव्हा इमारतीस आडवे हिसके बसतात, आणि त्यांस तोंड देण्यात भिंतींचा वाटा मोठा असतो.

जबलपूर येथे याचा प्रत्यय आला. २२ मे १९९७ रोजी पहाटे, सुमारे ४ वाजून २० मिनिटांनी, तेथे ५.८ परिमाणाचा भूकंप झाला. सुमारे चाळीस माणसे दगावली. कोसमघाट गावाची हानी फार मोठी होती. कानपूरच्या आय.आय.टी.तील अभियंत्यांनी केलेल्या पाहणीत शहरातील काँक्रीटच्या खांबांवर उभ्या असलेल्या इमारतींचीही नोंद झाली. त्यांपैकी ‘हिमगिरी’ व ‘अजंता’ या निवासी इमारतींत तळमजल्याचा काही भाग वाहनांसाठी भिंतींविना मोकळा सोडलेला होता. तेथील खांबांस जबर इजा झाली. खांबांमध्ये विटांच्या भिंती असलेले वरचे मजले पुष्कळ अंशी बचावले. या भिंती कोणी पाडल्या नव्हत्या, त्या मुळात बांधलेल्याच नव्हत्या. तरीही खांबांच्या इमारतीत भिंत निरुपयोगी असते, हा समज किती घातक आहे ते यावरून ध्यानात येते.

भूकंपाची वाट पाहावी लागतेच असेही नाही. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथे एक चार मजली इमारत कोसळून १७ माणसे मृत्यू पावली. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारात आधाराचे भाग तोडले गेले, असा आरोप त्यानंतर झाला.

भिंत भारवाही आहे की नाही, हे ठोकून येणाऱ्या आवाजावरून ठरत नाही. २३ सेंटिमीटर जाडीची भिंत बहुधा भारवाही व ११ सेंटिमीटरची बहुधा आडोशाची असते. परंतु जाडी हा केवळ अंदाज होय. स्थापत्य-अभियंता मूळ नकाशे पाहतो, स्लॅब कोणत्या दिशेने टेकला आहे, भिंतीच्या वर व खाली काय आहे, पाया कसा आहे हे तपासतो, आणि मग हिशेब करून आराखडा देतो. त्या आराखड्यानुसार नगरपालिकेची वा महानगरपालिकेची परवानगी घ्यावी. एकाच इमारतीत अनेक कुटुंबे राहत असतील, तर वरच्या व खालच्या शेजाऱ्यांसही त्याची कल्पना द्यावी. कारण ज्या भिंतीस आपण आपली म्हणतो, तिच्यावर त्यांचीही घरे उभी असतात. आराखडा व परवानगी हाती येईपर्यंत भिंतीस हातोडा लावू नये.