मार्गदर्शनाचा विनियोग : चेन्नईतील मराठी अभ्यासकाच्या संदर्भात

'मार्गदर्शन' ह्या शब्दाची घडणच अशी आहे की, तीत मार्ग दाखविणारा ठळकपणे दिसतो आणि ज्याला चालावयाचे तो काहीसा झाकला जातो. महाविद्यालयीन व्यवहारातही बहुधा हेच घडते. विद्यार्थ्याने विचारावे, प्राध्यापकांनी सांगावे आणि सांगितलेले पुढे उपयोगी पडले नाही तर दोष प्राध्यापकांकडे जावा, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः सल्ल्याचे मोल सल्ला देणाऱ्याच्या विद्वत्तेइतकेच विचारणाऱ्याच्या प्रश्नावर अवलंबून असते. ज्या विषयाला एक भाषा पुरत नाही, त्या विषयाच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. चेन्नईत राहून तंजावरच्या मराठी वाङ्मयाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेतले, तर ह्या विधानाचा अर्थ स्पष्ट होईल.

ह्या विद्यार्थ्याच्या आयुष्यातील पहिला महत्त्वाचा निर्णय पदवीच्या प्रवेशाच्या वेळीच होतो, आणि तो निर्णय आहे हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. मद्रास विद्यापीठाच्या (स्थापना १८५७) पदवी अभ्यासक्रमात 'भाग एक' म्हणून तमिळ अथवा अन्य एखादी भाषा आणि 'भाग दोन' म्हणून इंग्रजी घ्यावी लागते. मुख्य विषय त्यानंतर येतो. घरी दक्षिणी मराठी बोलणारा विद्यार्थी 'भाग एक'मध्ये काय घ्यावे, असे विचारतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा गुणांचाच हिशेब असतो. 'कोणत्या भाषेत गुण अधिक मिळतील?' ह्या प्रश्नाला जे उत्तर मिळावयाचे तेच मिळते. परंतु त्याने 'पुढे तंजावरच्या दरबारी वाङ्मयावर काम करावेसे वाटले, तर आज कोणती भाषा सोडणे महाग पडेल?' असे विचारले, तर तेच प्राध्यापक त्याच खोलीत बसून सर्वस्वी निराळे उत्तर देतील. तमिळ आज सोडली तर तीन वर्षांनी ती पुन्हा मुळारंभापासून शिकावी लागेल, हे त्याला वेळेवर कळेल.

तंजावरचा विषय ह्या दृष्टीने बोलका आहे. तेथील भोसले घराण्याची सत्ता सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात व्यंकोजीराजांनी स्थापन केली आणि १८५५ मध्ये ते राज्य खालसा झाले. ह्या काळात दरबारात मराठी, तेलुगू, तमिळ आणि संस्कृत ह्या भाषा शेजारी शेजारी नांदल्या. शहाजीराजांचे (कारकीर्द १६८४ ते १७१२) 'पंचभाषाविलास' हे नाटक तर नावाप्रमाणेच पाच भाषांचे आहे. त्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने कोणाकडे जावे? मराठीचा प्राध्यापक संवादांतील मराठीचे स्वरूप सांगेल. तेलुगूचा अभ्यासक यक्षगानाची परंपरा दाखवील. तमिळचा जाणकार प्रादेशिक संकेत उलगडील. पाचही वाटा सारख्याच परिचयाच्या असलेला मार्गदर्शक क्वचितच भेटतो. म्हणून ह्या क्षेत्रात 'माझा मार्गदर्शक कोण?' ह्या प्रश्नापेक्षा 'कोणती अडचण कोणाकडे न्यावी?' हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

साधनांचीही स्थिती अशीच विखुरलेली आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद आहेत. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा इतिहास मराठीत आहे. चेन्नईतील शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात कॉलिन मॅकेन्झी (१७५४–१८२१) ह्यांच्या संग्रहातून आलेली सामग्री आहे, तर एग्मोर येथील राज्य अभिलेखागारात कंपनी सरकारचा पत्रव्यवहार पाहावयास मिळतो. ह्यांपैकी एका ठिकाणी मोडी वाचता आली पाहिजे, दुसऱ्या ठिकाणी इंग्रजी दफ्तराची रचना ठाऊक हवी. ग्रंथपाल, सूचिकार आणि दफ्तरातील अनुभवी सेवक हेही अशा वेळी मार्गदर्शकच असतात. विद्यापीठाच्या नोंदवहीत त्यांची नावे मार्गदर्शक म्हणून नसतात, एवढेच.

अनेकांकडून शिकण्याचे एक जुने उदाहरण ह्याच इतिहासात आहे. सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) ह्यांचे शिक्षण जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ ह्यांच्या देखरेखीखाली झाले. वारसाहक्काच्या वादामुळे राजपुत्राला काही काळ मद्रासला हलविण्यात आले, आणि तेथे गेरिके ह्या दुसऱ्या धर्मोपदेशकाने त्यांना शिकविले. श्वार्ट्झ १७९८ मध्ये निवर्तले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. गुरूविषयी त्यांच्या मनात अपार आदर होता. गुरूच्या स्मरणार्थ फ्लॅक्समन ह्या इंग्रज शिल्पकाराकडून त्यांनी स्मारक करवून घेतले. तथापि त्यांनी गुरूचा धर्म घेतला नाही, आणि गुरूची विद्या हीच विद्येची सीमा असेही मानले नाही. पाश्चात्य वैद्यक आणि विज्ञान ह्यांच्याबरोबरच पंडितांच्या परंपरेचाही त्यांनी आदर राखला, आणि काशीयात्रेत हस्तलिखिते मिळविली. आदर आणि स्वतंत्र निवड ह्यांत विरोध नसतो, हे ह्या उदाहरणावरून दिसते. आपल्याकडे विद्यार्थी पुष्कळदा आदरापोटी गप्प राहतो आणि त्या मौनालाच विनय समजतो. त्यामुळे मार्गदर्शकाला त्याची खरी अडचण कळतच नाही.

आजच्या विद्यापीठीय व्यवस्थेने ह्या गोष्टींना काही प्रमाणात नियमांचे रूप दिले आहे. चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (स्थापना १९५९) विद्यार्थ्यासाठी सल्लागार प्राध्यापक नेमण्याची पद्धत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच. डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती असावी लागते, आणि दर सत्रात त्याने समितीपुढे आपल्या कामाचे निवेदन करावयाचे असते. त्याच नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. ही मर्यादा पाळली तरी प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेळ थोडाच असतो. सत्राच्या आरंभी अर्जावर सही घेण्यापुरती भेट झाली, तर नियम पाळला जातो आणि मार्गदर्शन मात्र राहून जाते.

तेव्हा ह्या थोड्या वेळाचा विनियोग कसा करावा? भेटीपूर्वी विद्यार्थ्याने आपला प्रश्न कागदावर लिहून पाहावा. लिहिता लिहिता अर्धे प्रश्न आपोआप सुटतात आणि उरलेल्यांना आकार येतो. 'तंजावरच्या नाटकांवर काही सुचवा' असे म्हणण्याऐवजी 'शहाजीराजांची ही दोन नाटके वाचली. त्यांतील मराठी संवादांवर तेलुगूची छाया वाटते. ती तपासण्यासाठी प्रथम काय वाचावे?' असे विचारणाऱ्याला ग्रंथाचे नाव मिळते, कधी एखाद्या अभ्यासकासाठी परिचयपत्रही मिळते. भेटीत जे ठरले त्याचे चार ओळींचे टिपण त्याच दिवशी करावे आणि पुढच्या भेटीचा आरंभ त्या टिपणापासून करावा. दोन मार्गदर्शकांची मते परस्परविरुद्ध पडली, तर ती लपवू नयेत. दोघांनाही ती सांगावीत. मतभेद कोठे आणि का आहे हे समजणे, हीच कित्येकदा संशोधनाची खरी सुरुवात असते. विषय बदलावासा वाटला तर तेही लवकर बोलावे. पहिल्या सत्रात जो बदल सहज होतो, तो पाचव्या सत्रात दोन वर्षांच्या श्रमांवर पाणी फिरवितो.

ह्या साऱ्यात प्राध्यापकांचाही वाटा आहे. 'हे मला ठाऊक नाही, अमुक व्यक्तीकडे जा' असे सांगणारा मार्गदर्शक विद्यार्थ्याचे एक वर्ष वाचवितो. भाषाविभागांच्या भिंती ज्या विद्यापीठांत उंच आहेत, तेथे मराठीच्या विद्यार्थ्याला तेलुगू विभागाचा उंबरठा एकट्याने ओलांडण्याचा धीर होत नाही. पहिल्या वेळी कोणीतरी बरोबर जावे लागते.

दक्षिणी मराठी बोलणाऱ्या घरांत आज ती भाषा लिहिता वाचता येणारे कमी आहेत, आणि मोडी वाचणारे तर त्याहूनही विरळ. ज्या विद्यार्थ्याला घरची मराठी, शहराची तमिळ आणि शिक्षणाची इंग्रजी ह्या तिन्ही येतात, तो ह्या अभ्यासाच्या दृष्टीने दुर्मिळ आहे. परंतु आपल्याजवळ काय आहे ह्याची जाणीव पुष्कळदा त्यालाच नसते. त्याने योग्य वेळी योग्य प्रश्न विचारला, तर तंजावरचे कागद वाचणारा आणखी एक अभ्यासक तयार होईल. तसे न घडल्यास ते कागद जागच्या जागी राहतील, आणि ते वाचू शकला असता असा माणूस दुसऱ्याच कुठल्यातरी विषयात पदवी घेऊन निघून जाईल.