म्हातारं मांजर रात्री का ओरडतं? त्याच्या मेंदूत नेमकं काय बदलतं?

रात्रीचे दोन वाजलेत. सगळं घर झोपलंय आणि १५ वर्षांचं मांजर पॅसेजमध्ये उभं राहून मोठमोठ्याने ओरडतंय. खाण्याची वाटी भरलेली आहे, पाणी आहे. 'वय झालं आता त्याचं,' म्हणत घरातले कूस बदलतात. कधी वैतागून ओरडतातही.

वय झालंय, हे खरंच. मांजराचं पंधरावं वर्ष म्हणजे माणसाची जवळपास पंच्याहत्तरी. या वयात त्याचा मेंदू आक्रसू शकतो. मेंदूच्या घड्यांमधल्या खाचा रुंदावतात, आतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या मोठ्या होतात. पण खरी गडबड सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. अल्झायमर झालेल्या माणसांच्या मेंदूत साचणारं अमायलॉइड-बीटा हे प्रथिन म्हाताऱ्या मांजरांच्या मेंदूतही साचतं.

एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी मृत्यूनंतर २५ मांजरांचे मेंदू तपासले. ते संशोधन २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. डिमेन्शियाची लक्षणं असलेल्या आणि वयस्क मांजरांमध्ये हे प्रथिन चेतापेशींच्या जोडांमध्ये, म्हणजे सिनॅप्समध्ये साचलेलं आढळलं. एका पेशीचा निरोप दुसरीला मिळतो तो इथूनच. शिवाय, मेंदूची साफसफाई करणाऱ्या पेशी हे जोडच गिळत असल्याच्या खुणा दिसल्या. मेंदू घडत असताना अशी छाटणी गरजेची असते. म्हातारपणी मात्र त्यात कामाचे जोडही जात असावेत.

प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये अल्झायमरसारखे बदल घडवायला त्यांची जनुकं बदलावी लागतात. मांजरांमध्ये ते आपोआप होतात. म्हणूनच माणसांच्या डॉक्टरांचंही या संशोधनाकडे लक्ष आहे.

एका जुन्या पाहणीनुसार, ११ ते १४ वर्षांच्या २८ टक्के मांजरांच्या वागण्यात असा निदान एक तरी बदल दिसतो. पंधरानंतर हे प्रमाण निम्म्यावर जातं. ओळखीच्या घरात वाट चुकणं, भिंतीकडे टक लावून बसणं, लिटर बॉक्सबाहेर घाण करणं, रात्र-दिवसाचं गणित उलटं होणं.

पण लगेच 'डिमेन्शिया' म्हणून मोकळं होऊ नका. थायरॉइड वाढणं, रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार, सांधेदुखी यांतही मांजर असंच वागतं आणि यांवर औषधं आहेत. त्यामुळे आधी पशुवैद्याकडे रक्त आणि रक्तदाब तपासून घ्या.

या कशातच काही निघालं नाही, तर घरातलं सामान सारखं हलवू नका, लिटर बॉक्स बुटक्या कडेचा घ्या आणि रात्री पॅसेजमध्ये एक छोटा दिवा चालू ठेवा.