घोड्याची खोड की पाठीचे दुखणे?

खोगीर दिसताच घोडा कान मागे टाकतो, तंग आवळताना चावायला येतो, स्वार चढू लागला की पाठ खाली दबवतो किंवा दुगाण्या झाडतो. मालक म्हणतो, "जनावर खोडकर आहे," आणि छडी उचलतो. वाचकहो, छडी उचलण्याआधी पाठ पाहावी. कालपर्यंत शांत असलेले जनावर एकाएकी हट्टी झाले, तर त्यामागे पुष्कळदा दुखणेच असते.

माथेरानला मोटारींना बंदी असल्याने प्रवासी घोड्यावर बसतात. इंदूर-ग्वाल्हेरकडे वरातीला घोडी लागते. अशा जनावरांवर दिवसभरात लहानमोठे अनेक स्वार बसतात. त्यामुळे त्यांच्या पाठीची विशेष काळजी घ्यावी लागते.

पाठ कशी तपासावी? घोडा सपाट जागेवर, चारही पायांवर सारखा उभा करावा. कण्यापासून दोन बोटे अंतरावर, अयाळ संपते तेथून पुठ्ठ्यापर्यंत, बोटांनी सावकाश पण ठाम दाब देत जावे. मग दुसरी बाजू पाहावी. एकाच जागी तो पुनःपुन्हा अंग चोरत असेल, स्नायू दगडासारखे ताठ होत असतील, तर तेथे दुखते आहे असे समजावे. खोगिराखाली उगवलेले पांढरे केस ही जुन्या दाबाची खूण होय. खोगीर काढल्यावर घामाने भिजलेल्या पाठीवर मध्येच कोरडा पट्टा दिसला, तरी खोगीर नीट बसत नसल्याचा संशय घ्यावा.

खोगीर कसे असावे? घोड्याला बरगड्यांच्या 18 जोड्या असतात. खोगीर खांद्याच्या हाडामागे सुरू व्हावे आणि शेवटच्या बरगडीच्या पुढे संपावे. त्यामागील कमरेला बरगड्यांचा आधार नसतो. कण्यावर ते कोठेही टेकता कामा नये. खोगीर अरुंद असेल तर खाली आणखी घोंगडी घालून उपयोग नाही. घट्ट जोड्यात जाड मोजा घातल्यासारखे ते अधिकच रुतते. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावे. म्हणजे 300 किलोच्या घोड्यावर 60 किलोच.

मात्र प्रत्येक वेळी दोष खोगिराचाच असतो असे नाही. मागचा पाय लंगडत असेल, नाल वाकडा बसला असेल किंवा दात टोचत असतील, तरी घोडा पाठ ताठ धरतो. म्हणून पशुवैद्याबरोबर नालबंदालाही दाखवावे.

उपचारात पहिली गोष्ट म्हणजे स्वारी बंद करणे. जखम किंवा सूज नसेल तर ताठ स्नायूंना कोमट फडक्याने शेकावे. जखम असेल तर ती स्वच्छ मिठाच्या पाण्याने धुवावी, माशा बसू देऊ नयेत आणि धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. पशुवैद्याने सांगितल्यावर आधी हाताने धरून चालवावे, नंतर हलका स्वार बसवावा.

वेदनाशामक औषध पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. माणसांच्या गोळ्यांनी घोड्याच्या पोटात व्रण होऊ शकतात, मूत्रपिंडेही बिघडू शकतात. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी 2006 पासून भारतात बंद आहे, कारण ते दिलेल्या जनावराचे शव खाऊन गिधाडे मरतात. शिवाय दुखण्याचे कारण न काढता नुसते औषध देऊन स्वारी चालू ठेवली, तर दुखणे झाकले जाते आणि आत वाढत राहते.

एक गोष्ट तातडीची. काम करताना किंवा त्यानंतर लगेच घोडा घामाघूम होऊन जागीच थांबला, पुठ्ठे कडक झाले, लघवी चहासारखी काळपट झाली, तर त्याला एक पाऊलही चालवू नये. पशुवैद्याला तेथेच बोलवावे.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे आपण म्हणतो. पण खोगीर बदलताच आणि पाठीला विसावा मिळताच कित्येक घोड्यांची "खोड" आपोआप जाते.