मिसचीफ रीफ: भरतीत बुडणारा 'भूभाग'

उपग्रहचित्रं चाळायचा नाद असेल तर दक्षिण चीन समुद्रातल्या मिसचीफ रीफची २०१४ आणि २०१६ची चित्रं शेजारीशेजारी ठेवून पाहा. आधी पाण्यात प्रवाळाचं फिकट कडं आणि एखाददुसरं बांधकाम. नंतर त्याच कड्यावर गोदी, इमारती आणि अडीच किलोमीटरहून लांब धावपट्टी!

१९९५मध्ये चीनने इथे खांबांवर खोपटी उभारली, ती म्हणे मच्छीमारांच्या आसऱ्यासाठी. २०१५च्या सुरुवातीला ड्रेजर आले. त्यांचं दातेरी डोकं गरगरत तळाचं प्रवाळ फोडतं, पंप तो चुरा पाण्यासकट ओढतो आणि तरंगत्या पाइपांतून कड्यावर ओततो. पाणी निथळून जातं, भर उरते. वर्षभरात सुमारे साडेपाच चौरस किलोमीटर जमीन तयार. तिथलं जिवंत प्रवाळ अर्थातच गाडलं गेलं.

गंमत कायद्यात आहे. जुलै २०१६मध्ये हेगच्या लवादाने सांगितलं की हा खडक मुळात भरतीत बुडतो, त्यामुळे त्याला स्वतःचा सागरी हद्दीचा हक्क नाही आणि तो फिलिपिन्सच्या आर्थिक क्षेत्रात येतो. कृत्रिम बेटाला फार तर ५०० मीटरचं सुरक्षाक्षेत्र मिळतं. चीनने सुनावणीत भागही घेतला नाही आणि निकालही धुडकावला. त्याच वर्षअखेरीस चित्रांत विमानवेधी तोफा दिसू लागल्या.

१९९५च्या त्या खोपटांना फिलिपिन्सने दिलेलं उत्तर मात्र अस्सल जुगाड. जवळच्या सेकंड थॉमस शोलवर त्यांनी १९९९मध्ये दुसऱ्या महायुद्धातलं एक जहाज मुद्दाम रुतवलं. गंजून चाळण झालेल्या त्या जहाजावर आजही त्यांचे नौसैनिक राहतात.