शरणपूरहून मोंबासाला

केनियाला निघालेल्या नाशिककराला घरचे हमखास विचारतात, ‘तिकडे सगळं शांत आहे ना?’ प्रश्न रास्त आहे. २००७च्या निवडणुकीनंतर तिथे हजारावर माणसं मारली गेली. जून २०२४मध्ये करवाढीवर संतापलेली तरुण मंडळी थेट संसदेत घुसली आणि गोळीबार झाला. पुढची निवडणूक ऑगस्ट २०२७मध्ये आहे. तेवढे दिवस टाळून जरूर जावं. मात्र मोंबासात फ्रियर टाउन चुकवू नये. त्या वस्तीच्या पायात आपलं शरणपूर आहे!

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबतं पकडी. सुटलेली कितीतरी आफ्रिकी मुलं मुंबईत उतरत, आणि त्यांतली काही नाशिकला, चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपुरात येत. आईबापांपासून तोडलेली ही पोरं गोदाकाठच्या गावात लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. यांतल्याच नऊ जणांना घेऊन संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६६मध्ये आफ्रिकेत गेला.

शरणपुरातच शिकलेला जेकब वेनराइट त्याला १८७२मध्ये जाऊन मिळाला. पुढच्याच वर्षी, आजच्या झांबियात, लिव्हिंगस्टन वारला. सोबत्यांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थना वाचली, झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. मग मीठ लावून उन्हात वाळवलेला तो देह या माणसांनी दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर खांद्यावरून किनाऱ्याला आणला. एप्रिल १८७४मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता. नाशिकच्या शाळेतला मुलगा, लंडनच्या त्या दालनात! हे वाचून मी आजही थक्क होतो.

१८७५मध्ये शरणपूरचेच मिशनरी विल्यम प्राइस यांनी मोंबासासमोर मुक्त गुलामांची वस्ती उभारली आणि तिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव दिलं. नाशिकला वाढलेले अनेक जण तिथे नांदले. जवळच्या रबाईत विल्यम जोन्स हा आणखी एक शरणपूरकर पळून आलेल्या गुलामांना आसरा देई. मालक हल्ल्याच्या धमक्या देत, तरी तो हटला नाही. अखेर १ जानेवारी १८८९ रोजी तिथल्या सुमारे चौदाशे जणांना मुक्तीचे दाखले मिळाले. भरपाई मात्र गुलामांना नव्हे, मालकांना मिळाली. ती मिळवून देण्यात पुढाकार होता ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचा, आणि याच कंपनीचा मुलूख १८९५मध्ये ब्रिटिश सरकारने आपल्या अमलाखाली घेतला.